तेजोवतीचा हात

दंड अजून दुखत होता. रामहरीने सदऱ्याची बाही वर सारून पाहिलं, तर कोपराच्या वर चार बोटांचे निळे-हिरवे वण, आणि आतल्या बाजूला अंगठ्याचा एक, जास्त खोल. त्याने बाही घाईने खाली ओढली. छापखान्यात बिरप्पाखेरीज कुणी नव्हतं, आणि बिरप्पा दाराशी बसून रुळाला शाई फासत होता, त्याचं इकडे लक्षही नव्हतं. तरी रामहरीला वाटलं, याने पाहिलं. परवापासून त्याला असंच वाटत होतं. पानाच्या गादीवरचा माणूस पाहतोय, नळावरच्या बाया पाहताहेत, वाटेवरचं कुत्रंसुद्धा मान तिरपी करून पाहतंय आणि मनातल्या मनात हसतंय. समोर टेबलावर घासून गुळगुळीत केलेला शिळाप्रेसचा दगड होता. त्याच्यावर आज संध्याकाळच्या आत गगनवीराने तेजोवतीला वाचवायचं होतं, आणि गगनवीराचा हात काही केल्या जमत नव्हता.

चनबसप्पा अण्णांचं बाळीवेशीत लुगड्यांचं दुकान होतं. लुगड्याच्या घडीवर रंगीत तिकीट चिकटवायची पद्धत सगळ्याच व्यापाऱ्यांची. कुणाचा मोर, कुणाची लक्ष्मी, कुणाचा घोड्यावरचा मर्द. अण्णा एकदा सिनेमा पाहून आले आणि त्यांच्या डोक्यात खूळ शिरलं, की तिकिटांवर एक गोष्टच चालवावी. एका तिकिटात थोडी, पुढच्या तिकिटात पुढची. डोळ्यांना काळी पट्टी बांधून आभाळातून उडणारा गगनवीर, आणि तळहातातून वीज सोडणारी तेजोवती. चित्रं काढायची होती रामहरीला, आणि त्याला तेव्हा हसू आलं होतं. पण खूळ चाललं. दुकानात आलेल्या बाया काठ-पदर पाहायच्या आधी तिकीट पाहू लागल्या. भिंतीवर खळीने ओळीत चिकटवलेली तिकिटं त्याने परक्या घरांत स्वतः पाहिली होती. प्रेम दाखवा, अण्णा म्हणायचे, पण सोज्वळ दाखवा. सोज्वळ म्हणजे नेमकं काय, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. मग रामहरीने आपला एक साचा बसवून टाकला होता. ती पडते, तो झेलतो. बुरुजावरून पडते, पुरात पडते, जळत्या वखारीत पडते, आणि तो येतो. तिची मान मागे, केस मोकळे, डोळे अर्धे मिटलेले. त्याची छाती पुढे. हे तो डोळे झाकून काढू शकत होता, आणि दगडावर काढायचं म्हणजे सगळं आरशातल्यासारखं उलटं काढायचं, तरी त्याचा हात कधी अडला नव्हता.

त्याच्या बायकोला, सोजरला, हे पटत नसे. तिला वाचता येत नव्हतं, पण तिकिटं ती नीट पाहायची, धान्यातले खडे पाहावेत तशी. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली होती, "अवो, एवढी ईज हातात हाय हिच्या, आन दर खेपंला चक्कर येऊन पडती कशी? पोटभर जेवत न्हाय का ही?" तो हसला होता. तेव्हा त्याला तिचं हसणं, टोचून बोलणं, सगळं गोड लागायचं. तेजोवतीचा हात म्हणजे तरी कुणाचा? सोजरचाच होता. पहिल्या तिकिटाच्या वेळी त्याला वीज सोडणारा हात येईना, तेव्हा त्याने तिला चुलीपुढून उठवून उभी केली होती. हात असा धर, जरा वर, बोटं ताठ. ती तशीच उभी राहिली, तव्यावरची भाकरी करपली, आणि तिच्या दंडाची ती घट्ट रेघ त्याने कागदावर धरली. तो हात आता शहरभर लुगड्यांवर चिकटलेला होता. त्याच्या मनात आलं, हात तिचा घेतला आणि चक्कर मात्र आपण आणली.

माढ्याकडच्या तिच्या वडिलांच्या मळ्यात तो तिला पहिल्यांदा पाहायला गेला, तेव्हा ती विहिरीवर होती. वडिलांनी हाक मारली तशी वळून पाहिलं, आणि भरलेली घागर एका हाताने वर ओढून तशीच धरून बोलत राहिली. त्या वजनाचं तिला काही वाटत नव्हतं. पाणी हिंदकळलंसुद्धा नाही. परतीच्या वाटेवर मामा म्हणाला होता, पोरगी जरा आडदांड हाय, आपला रामहरी नाजूक. रामहरीला मात्र मनातून तीच हवी होती, त्या घागरीसकट. मग ते आवडणं कुठे गेलं? की मळ्यात, चार झाडांच्या आडोशाला जे आवडतं, ते भर पेठेत आवडत नाही? त्याने दगडावर रेघा ओढायची मेणशाईची कांडी खाली ठेवली, पुन्हा उचलली. गगनवीराच्या खांद्याची रेघ तिसऱ्यांदा चुकली होती.

परवा मंगळवार पेठेत झालं ते. बाजाराला दोघं गेली होती, आणि तो सिनेमाचा फलक पाहत रस्त्याच्या मधोमध थांबला होता. फलकावरच्या वीराने पाय कसा टाकलाय, एवढंच त्याच्या डोक्यात. कुणाच्या तरी दुकानाचा पत्रा धडकन खाली पडला आणि टांग्याचा घोडा बुजला. त्याला आठवत होतं ते एवढंच, की लोक ओरडले, आणि घोड्याचं तोंड अंगावर आलं, लाळेचा फेस त्याच्या गालावर उडाला. मग दंडाला असा हिसका बसला की खांदा निखळला असं वाटलं, आणि तो उडून ज्वारीच्या ढिगात तोंडावर पडला. तो वळला. वर सोजर उभी होती. त्याचा दंड अजून तिच्या मुठीत, पदर खांद्यावरून घसरलेला, आणि तिचे दात दिसत होते. हसत होती ती. टांगा चाक घासत निघून गेला, आणि त्यानंतर जी शांतता पडायला हवी होती ती पडलीच नाही. कुणीतरी म्हणालं, "काय पैलवान बायकू हाय!" आणि दुसऱ्याने लगेच त्यावर वरताण केली, "बाई, आता कडंवर घ्या मालकास्नी, पुना हरवतील!" सगळी पेठ हसली. रामहरीच्या कानात, नाकात ज्वारी गेली होती. त्याने तिचा हात झटकून टाकला. जीव वाचला होता, आणि त्याच्या अंगातून रागाची सणक उठत होती. आपल्या तिकिटांवरच्या बाईला झेललं जाताना असा राग येत असेल का, हे त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

तेव्हापासून तो घरी बोलला नव्हता. ठरवून नव्हे, तोंड उघडायला गेलं की आत काहीतरी अडायचं, आणि मग अडू देण्यातच बरं वाटायचं. ती ताट वाढायची, तो जेवायचा. पाणी हवं असलं तर स्वतः उठून घ्यायचा. पहिल्या रात्री ती म्हणाली, "लागलं का लई? हळद लावू?" त्याने कूस बदलली. आणि नेमकं याच वेळी, ती कामाला जायची त्या गिरणीत तिच्या नशिबाने दार उघडलं होतं. रिळाच्या खात्यातली जुनी मुकादम गावी निघून गेली, आणि मास्तरने बायांची मुकादम म्हणून सोजरला विचारलं. तिथल्या बाया तिचं ऐकतात, तिच्या हातचं सूत तुटत नाही, आणि कुणाची बाजू घेऊन भांडायचं असलं तर ती मागे सरत नाही, हे सगळ्या खात्याला ठाऊक होतं. आज सकाळी डबा बांधता बांधता ती त्याच्या समोर येऊन बसली होती. "आज सांगायचं हाय मास्तरला. काय सांगू?" तो पायताण शोधत राहिला. "न्हाय म्हणा की. न्हाय म्हणलात तर भांडंन मी तुमच्यासंगं. पर कायतरी म्हणा." त्याने पायताण घातलं. तिचा आवाज मागून आला, आणि तो आवाज मोठा नव्हता: "आसं गप राहिलात तर मला समजायचं कसं, मी एकटीच ऱ्हाती का हितं?" तो उंबरा ओलांडून बाहेर पडला होता. त्याच्या मनात तेव्हा काय होतं? होऊ दे मुकादम, असं होतं का? नको, असं होतं? खरं सांगायचं तर त्याच्या मनात ज्वारीचा ढीग होता आणि हसणारी माणसं होती. मुकादम झाली की ती रोज दहा जणींसमोर आवाज चढवील, आणि कुठल्या तरी बाईचा नवरा हॉटेलात चहा पिता पिता म्हणेल, हाच की तो, कडेवरचा.

"तेजोवती गळ्यात पडंना का आज?" बिरप्पा उठून जवळ आला आणि दगडाकडे पाहून म्हणाला. "तासभर खांदाच घासताय. अण्णा येतील की आता."

"तू रूळ बघ," रामहरी म्हणाला.

त्याने ओल्या फडक्याने सगळं पुसलं, दगड पुन्हा कोरडा केला, आणि बसून राहिला. बाहेर ऊन रस्त्याला चिकटून बसलं होतं. गिरणीचा धूर सरळ वर चाललेला. जळती वखार, वर तुळई, तुळईवरून लोंबकळणारी तेजोवती, खालून उडत येणारा गगनवीर. अण्णांनी सांगितलेलं चित्र त्याला पाठ होतं. पण लोंबकळणाऱ्याचं शरीर कसं असतं, ते आता त्याच्या दंडाला ठाऊक झालं होतं, आणि ते अर्ध्या मिटल्या डोळ्यांचं मुळीच नसतं. ते जड असतं. त्याला लाज असते. ज्याने धरलंय त्याच्याकडे ते बघत नाही, दुसरीकडे कुठेतरी बघतं. कांडी हातात आपोआप आली. त्याने आधी तुळई काढली, मग तुळईवर पाय रोवलेली तेजोवती, ओणवी, एक गुडघा टेकलेला, आणि खाली तिच्या मुठीत गगनवीराचा दंड. दंडाला बरोबर कुठे बोटं रुततात ते त्याला कुणी विचारायला नको होतं. गगनवीराची पट्टी एका डोळ्यावरून सरकलेली, पाय अधांतरी, तोंड बाजूला. रेघा भराभर येत होत्या, उलट्या असूनही सरळ येत होत्या, आणि त्याला भीती वाटत होती, कारण इतकं खरं त्याने आजवर या दगडावर काही काढलं नव्हतं. शेवटी तिचा चेहरा राहिला. तोही जसा दिसला होता तसाच काढला. दात दिसणारं हसू.

बिरप्पाने छाप काढून कागद उचलला आणि नुसतं "आगं माय" एवढंच म्हणाला. आणि त्याच वेळी दारात चनबसप्पा अण्णा उभे राहिले, टोपी काढून घाम पुसत.

"काय री, झालं का आमचं?" त्यांनी कागद उजेडाकडे धरला. आधी जवळ, मग लांब. मग ते खो खो हसायला लागले. "अय्यो, रामहरी! उलटं काढायचं विसरलास काय री! बाई वर, बाप्या खाली! दगडावर उलटं काढायचं, तू सरळ काढलास, आता छापावर सगळं पलटी होऊन आलं की!"

बिरप्पाही हसला. हात उलटा पडणं ही या धंद्यातली रोजची चूक; रामहरीच्या एका तिकिटात तर खुद्द लक्ष्मी डावखुरी झाली होती. छापताना डावं-उजवं तेवढं उलटतं, वर-खाली नाही, हे अण्णांना कळत नव्हतं, पण बिरप्पाला कळत होतं, आणि तोही हसत होता, कारण चूक म्हणून हसण्यावारी नेलं की रामहरीला पळवाट मिळत होती. हो म्हणायचं, एवढंच. हो अण्णा, चुकलं. दगड घासायचा, जुना साचा बसवायचा, संध्याकाळी घरी जायचं, गप्प. रामहरीच्या जिभेवर तो हो आलासुद्धा. कागदावरच्या गगनवीराने दुसरीकडे तोंड वळवलेलं होतं, आणि रामहरीला अचानक त्या माणसाची किळस आली.

"चूक न्हाय ती," तो म्हणाला. "असंच झालं."

"असंच म्हंजे?"

"मंगळवार पेठंत. टांग्याचा घोडा बुजला. मी मधीच उभा हुतो. माझ्या बायकोनं मला ओढलं." त्याने बाही वर केली. "ती नसती तर मी मेलो असतो, अण्णा. लोक हसले. मी बी तिलाच झटकलं. तेजोवतीच्या हातात ईज हाय म्हणता, मग ती त्याला एकदा बी का ओढंना? ती काय नुसती पडायलाच लगीन करणार हाय त्याच्यासंगं?"

कुणी हसलं नाही. बिरप्पा रूळ धरून उभा होता. अण्णांनी त्या वणांकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग पुन्हा वणांकडे. रामहरीला वाटलं, आता कागद फाडतील. अण्णांनी तो नीट गुंडाळला.

"मला यातलं कळत नाही री," ते अगदी साधेपणाने म्हणाले. "मल्लव्वाला दाखवतो. दुकानात कुठला माल ठेवायचा तेसुद्धा ती सांगते, मी नुसता गादीवर बसतो. ती म्हणाली छापा, तर छापायचं." आणि बायकोला विचारतो हे वाक्य चहा पितो म्हणावं तसं बोलून ते कागद बगलेत मारून निघून गेले.

रामहरी दारापर्यंत गेला आणि त्यांच्या पाठीकडे पाहत राहिला. इतकं सोपं असतं हे? आणि मग त्याच्या लक्षात आलं, की उन्हं कलली आहेत. सोजरने आज मास्तरला सांगायचंय. बिरप्पाला काही न सांगता तो रस्त्यावर आला आणि चालता चालता पळायला लागला. धोतर पायात येत होतं. भोंगा वाजायच्या आत गिरणीच्या फाटकाशी पोचायचं, मास्तरकडे जाण्याआधी तिला गाठायचं, हो म्हण सांगायचं. वाक्यं त्याने तयार केली. मोठी, चांगली वाक्यं. अण्णांपुढे बोललो तशी. त्याला स्वतःचा अभिमानही वाटत होता, आणि पळता पळता त्याने तो जपून धरला होता.

तो फाटकाशी पोचायला आणि भोंगा वाजायला एकच गाठ पडली. बाया लोंढ्याने बाहेर आल्या, केसांत, भुवयांत कापसाचे तंतू. सोजर त्याला दिसली आणि त्याला पाहून जागच्या जागी थांबली. तिचा चेहरा पांढरा पडला.

"कोण गेलं?" ती म्हणाली.

"कोण न्हाय गं. तू हो म्हण. मुकादमीला हो म्हणून सांग मास्तरला. मी हेच सांगाय—"

"दुपारीच न्हाय म्हणले मी."

त्याला ऐकू आलं, पण कळायला वेळ लागला. बाया दोन्ही बाजूंनी जात होत्या.

"मास्तर दोनदा आला इचाराय," ती म्हणाली. "घरी इचारलं का म्हणला. काय सांगू मी? घरी माणूस बोलत न्हाय म्हणून सांगू? उद्या काय चुकलं खात्यात, कोण अंगावर आलं, तर माझ्या पाठीशी कोण हाय ते मलाच ठावं न्हाय. न्हाय म्हणले. मुकादमी आमच्यातल्या बजाबाईला दिली."

"मी आज अण्णांपुढं सांगितलं," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं की हे सांगायची ही वेळ नव्हे, तरी थांबता येईना. "तेजोवती त्याला वर ओढती असं काढलं. आपलं घोड्याचं सगळं सांगितलं. बिरप्पा बी हुता. माझ्या बायकोनं वाचवलं म्हणालो."

"अण्णाला सांगितलं. बिरप्पाला सांगितलं." तिने पदराने तोंडावरचा कापूस पुसला. "आन मला कवा सांगणार हुता?"

त्याने तयार केलेली वाक्यं कुठे गेली कुणास ठाऊक. "चित्रात तू हसतीस," तो काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाला. "त्या दिवशी हसत हुतीस तशीच."

"कोण हसत हुतं?" ती एकदम मोठ्याने म्हणाली, आणि दोन बाया वळून पाहू लागल्या. "मी? दात वाजत हुते माझे! घोडा तुमच्या तोंडावर आलता. मला वाटलं हात तेवढा माझ्याकडं येणार, तुमी न्हाय. रातभर थरथरत हुते मी, तुमच्या पाठीमागं, त्याच हातरुणात. कूस बदलून निजलात तुमी."

एवढी तिकिटं काढली, एवढ्या वेळा वाचवलं, पण वाचवणाऱ्याला भीती वाटते हे त्याच्या एकाही रेघेत नव्हतं. आजच्या चित्रातही नव्हतं. आज ज्याचा त्याला एवढा अभिमान वाटला तो चेहराही खोटाच निघाला.

"माझ्यामुळं गेली मुकादमी," तो म्हणाला. नाही हो, असं ती म्हणेल, असं त्याच्यातल्या एका कोपऱ्याला अजून वाटत होतं.

"व्हय," सोजर म्हणाली. "तुमच्यामुळं."

ती चालायला लागली. तो शेजारून चालू लागला. मागून बजाबाई आली, झपझप, दोघांना ओलांडून पुढे गेली आणि मान वळवून म्हणाली, "सोजरे, उद्या येळंवर ये गं. पयलाच दिवस हाय माझा."

"येते की, बजाबाई," सोजर म्हणाली. तो आवाज रामहरीने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. खाली मान घातलेला, हो-ला-हो करणारा. घागर धरून उभ्या असलेल्या मुलीचा तो आवाज नव्हताच. ऐकून ते आतलं अडणं पुन्हा वर आलं, ओळखीचं, सोयीचं. आता घरापर्यंत गप्प चालता आलं असतं. त्याला वाईट वाटतंय म्हणून गप्प आहे, असं तिलाही वाटलं असतं.

"बोला," ती म्हणाली. त्याच्याकडे न बघता.

"काय बोलू?"

"काय बी. पर बोला."

"मला लाज वाटली," तो म्हणाला. रस्त्यात माणसं होती, सायकली होत्या, एक ओळखीचा शिंपी समोरून येत होता. "तू वाचवलंस म्हणून न्हाय. म्हंजे, त्याची बी वाटली. लोक हसले त्याची वाटली. आन तू मुकादम झालीस तर आणखी हसतील, असं वाटलं. म्हणून बोललो न्हाय सकाळी. ठावं हुतं मला तुला काय पायजे ते. ठावं असून बोललो न्हाय."

शिंपी रामराम करून गेला. सोजर तशीच चालत होती, पाऊल न थांबवता, पण थोडी हळू.

"आन?" ती म्हणाली.